रेकॉर्डिंग नव्यावरच करू

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. चोवीस वर्षं बस डेपोच्या तिकीट खिडकीत काढली. काचेपलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून जो आवाज चढवला, तो काही परत खाली आला नाही. त्यामुळे ही हकीकतही तुम्हाला चढ्या आवाजातच ऐकावी लागेल, इलाज नाही. आणि यात चूक कोणाची असं कुणी विचारलंच तर माझी. आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेमधे माझी समजूत काढायला कुणी यायला नको.

हकीकत माझ्या धाकट्या भावाची आहे. तो कोर्टात टायपिस्ट. एकोणतीस वर्षं साक्षीदार बोलले, वकील बोलले, साहेब बोलले, आणि हा टाइप करत राहिला. कळांकडे बघायचा नाही. नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर आणि बोटं आपली खाली पळताहेत. कोर्टात त्याला सगळे पेटीमास्तर म्हणत, अगदी साहेबसुद्धा. खून, घटस्फोट, सामाईक भिंतीची भांडणं, सगळं याच्या बोटांखालून गेलं, पण स्वतःहून म्हणाल तर हा माणूस कुठे चकार शब्द काढायचा नाही. लग्नाच्या बोलणीतही मीच बोलले. भावजय अजून म्हणते, "मला वाटलं नवरा मुका आहे आणि तुम्ही लपवताय."

पण रोज सकाळी आठ वाजता त्याचं तोंड उघडायचं, ते आईशी फोनवर. आमची आई दुसऱ्या गावी मधल्या बहिणीकडे असते. आठ वर्षांपूर्वी तिचे दोन्ही डोळे गेले. मधली सातलाच कामावर जाते, मग आई फोन मांडीवर घेऊन बसते. हा तिला आदल्या दिवशीचा खटला सांगायचा. नावंगावं गाळून, पण असा रंगवून की विचारू नका. वकिलाचा खाकरा, साक्षीदाराचं त-त-प-प, साहेबांचं "पुढे चला" सगळं आवाज बदलून. पंधरा मिनिटं. आई तिकडे खो-खो हसायची. मी त्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहते. कधी चहाला म्हणून वर गेले की ऐकायला मिळायचं. बाहेर मुखदुर्बळ असलेला माझा भाऊ तो हाच का, असं वाटायचं.

गेल्या वर्षी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली. टाइप करून करून झालं असेल म्हणून आम्ही शेक दिला. मग जीभ जड झाली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, ते मला अजून धड म्हणता येत नाही. अर्थ एवढाच, की शरीरातल्या नसा एकेक करून कामावर यायच्या बंद होणार. आधी हात की आधी जीभ ते सांगता येत नाही. औषध नाही. हे सगळं डॉक्टर हलक्या आवाजात सांगत होते आणि मी त्यांच्यावर खेकसले, "जरा मोठ्याने बोला हो!" दुसरं काय करणार होते मी?

आईला यातलं काही सांगायचं नाही असं फर्मान मीच काढलं. तिचं हृदय नाजूक, डोळे नाहीत, उगाच कशाला तिच्या जिवाला घोर? सकाळच्या फोनवर भावाचे शब्द घसरायला लागले तेव्हा दाताचं काम चालू आहे म्हणून सांगितलं. महिनाभर दाताचंच काम. शेवटी आई मला म्हणाली, "थोरले, त्याला दात आहेत तरी किती गं? बत्तीसच ना?" मी हसले आणि वेळ मारून नेली.

स्पीच थेरपिस्टकडे आम्ही तिघं गेलो, तो, भावजय आणि मी. चष्मा कपाळावर चढवून बसणारी बाई होती. तिने स्वच्छ सांगितलं, "यांचा आवाज जाणार. पण आत्ता आहे. तीनशे वाक्यं वाचून रेकॉर्ड केली, की त्यावरून यांचाच आवाज कॉम्प्युटरमध्ये तयार करता येतो. पुढे हे टाइप करतील आणि कॉम्प्युटर यांच्या आवाजात बोलेल. मात्र उच्चार साफ हवेत, म्हणून या महिन्यातच करा. आणि सोबत नेता येईल असा एखादा कॉम्प्युटर बघून ठेवा, पुढे चोवीस तास लागेल."

भावाचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्यात जीव आला. बाहेर पडल्यावर जिन्यातच थांबून तो म्हणाला, सावकाश, एकेक शब्द सोडवत, "ताई, म्हणजे आईला फोन करता येईल." तोच एक मुद्दा होता त्याच्यासाठी. खाणं, चालणं, नोकरी, सगळं जाणार हे त्याने गिळलं होतं. सकाळचे आठ तेवढे राहायला हवे होते.

थेरपिस्ट असंही म्हणाली होती, की रेकॉर्डिंगला घरातला कुठलाही कॉम्प्युटर चालेल. भावाकडे एक जुना मोठा कॉम्प्युटर होता, टेबलाखाली डबा आणि वर पडदा असलेला. चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. मी म्हटलं, "त्या खटाऱ्यावर? आवाज आयुष्याला पुरवायचाय, त्यात ती घरघर घालता का? नवीन घ्यायचाच आहे ना, मग रेकॉर्डिंग नव्यावरच करू. एकदाच काय ते नीट." भावाने मान डोलावली. त्याला कच्चं काम आयुष्यात खपलं नाही. एक शब्द चुकला तरी आख्खं पान फाडून नव्याने टाइप करणारा माणूस तो. माझं बोलणं त्याला नेमकं पटलं. भावजय काहीतरी म्हणत होती. मी तिला बोलू दिलं नाही.

आता घ्यायचा कुठला? इथे आमचं घोडं अडलं.

पहिल्या शनिवारी आम्ही बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. टेबलांवर ओळीने उघडून ठेवलेले लॅपटॉप. भाऊ एकेकासमोर उभा राहून टाइप करायला लागला. "साक्षीदार शपथेवर सांगतो की घटनेच्या दिवशी मी घरीच होतो." प्रत्येक लॅपटॉपवर हेच वाक्य. डाव्या हाताची तीन बोटं मिटलेली, तरी उरलेली सात अशी चालली की विक्रीवाली मुलगी बघतच राहिली. सातव्या मशीनपाशी तो थांबला आणि म्हणाला, "हा." मोठा, जाड, सव्वादोन किलोचा. का हा? तर कळ दाबली की बोटाला कळतं दाबली म्हणून. बाकीच्यांच्या कळा म्हणे कागदावर बोट आपटावं तशा.

भावजयीने तो लॅपटॉप एका हाताने उचलून पाहिला. मग मुलीला विचारलं, "टॅबलेट आहे का?" आणली तिने. पाटीएवढी, अर्ध्या किलोची, कळा नाहीतच, काचेवर बोट ठेवायचं. भावजय म्हणाली, "उद्या चाकाची खुर्ची आली, की हे तिच्या दांडीला अडकवता येईल. अंथरुणावर धरता येतं. मला एका हातात उचलता येतं." तिचं बरोबर होतं. उद्या त्याला उठवणं, बसवणं, धुणं सगळं तिच्याच अंगावर येणार होतं, त्यात दोन किलोचं धूड कोण वागवणार? पण ती "उद्या" म्हणाली आणि भावाने बोटं खिशात घातली.

मग मी पडले मधे. मला टॅबलेट पसंत नव्हती, तिचा आवाज किडकिडीत. मुलीला गाणं लावायला सांगितलं तर मच्छर गुणगुणतोय असं वाटलं. फोनवर आईला ऐकू कसं जाणार? आईचे डोळे गेलेत, कानही काही फार तिखट नाहीत. मला खणखणीत आवाजाचं काहीतरी हवं होतं. शिवाय बॅटरी दिवसभर टिकणारी, आणि पडलं तरी न फुटणारी. मुलगी म्हणाली, "असं सगळं एकात नाही मिळत, काकू." मी म्हटलं, "मग ठेवता कशाला दुकान?" बिचारीचा काय दोष होता?

घरी आल्यावर भावाने जे केलं ते फक्त कोर्टात हाडं झिजवलेला माणूसच करील. जेवणाच्या टेबलावर त्याने सुनावणी लावली. एका बाजूला मी, एका बाजूला भावजय, मधे तो. कागदावर रकाने आखले: वजन, बॅटरी, कळा, आवाज, पडदा, खुर्चीला लागतो का. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. शेवटी त्या जुन्या कॉम्प्युटरवर रोजनामा टाइप केला, कोर्टात रोज काय झालं त्याची नोंद ठेवतात तसा: "उभय पक्षांचे म्हणणे ऐकले. टॅबलेटच्या आवाजाबाबत खुलासा मागवला. पुढील तारीख, शनिवार." आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. कित्येक दिवसांनी त्या घरात हसू आलं होतं, आणि ते कुणाला थांबवावंसं वाटेना.

म्हणून दुसरा शनिवार झाला, मग तिसरा. दुकानातल्या मुलीने आता हातात धरता येणारा एक छोटा लॅपटॉप दाखवला, वहीएवढा. हलका, पण कळा इतक्या बारीक की भावाचं एक बोट दोनदोन अक्षरांवर पडे. मग टू-इन-वन म्हणून एक प्रकार निघाला: पडदा उलटा वळवला की टॅबलेट, सरळ केला की लॅपटॉप. भावजय खूश. भावाने कळा दाबून पाहिल्या आणि नाक मुरडलं. मी म्हटलं, हे बिजागर वर्षात तुटणार. पुन्हा सुनावणी, पुन्हा पुढची तारीख. पैशाचा प्रश्न नव्हता. त्याचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे आले होते. आम्हाला फक्त चूक करायची नव्हती.

चौथ्या शनिवारी रोजनामा टाइप करताना त्याचा उजवा अंगठा थांबला. त्याने डाव्या हाताने तो उचलून बाजूला ठेवला आणि बाकीच्या बोटांनी ओळ पुरी केली. आम्ही दोघींनी पाहिलं. भावजय उठून माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि माझा दंड धरून म्हणाली, "ताई, पाया पडते तुमच्या. तोवर त्या जुन्यावर तरी वाक्यं वाचून होऊ देत. काल 'दरवाजा' म्हणाले ते मलाही कळलं नाही."

मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "एवढे थांबलो, आता आठ दिवसांसाठी कशाला घाण करून ठेवायची?"

घाण. हाच शब्द. माझ्याच तोंडचा. त्यानंतर ती मला काही म्हणाली नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. म्हणाली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

पाचव्या शनिवारी सोक्षमोक्ष लागला. टू-इन-वन घ्यायचं ठरलं. कळा त्याला आवडणाऱ्या नाहीत, वजन तिला झेपणारं नाही, आवाज मला पुरणारा नाही. तिघांचंही थोडं थोडं मन मोडलं, म्हणून सगळ्यांना तो न्याय वाटला. दुकानातल्या मुलीने खोका हातात देताना सुटकेचा श्वास टाकला. काम दुसऱ्या दिवशीपासून, म्हणजे थेरपिस्टने सांगितल्याला पाच आठवडे झाल्यावर सुरू झालं.

आम्ही खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, घड्याळसुद्धा काढून बाहेर ठेवलं. पडद्यावर एकेक वाक्य येई. "टेबलावर तीन निळ्या बशा आहेत." "तुमची बस किती वाजता सुटते?" त्याने वाचायचं. नीट झालं तर हिरवी खूण, नाही तर लाल अक्षरांत "पुन्हा म्हणा." तीन निळ्या बशांशी तो पंधरा मिनिटं झगडला. घामाने सदरा पाठीला चिकटला. पुन्हा म्हणा. पुन्हा म्हणा. मी बाजूला उभी राहून त्या पडद्याच्या आईबापांचा उद्धार करत होते. पहिल्या दिवशी चाळीसपैकी अकरा हिरव्या खुणा झाल्या. दुसऱ्या दिवशी चार. आठवडा संपता संपता एकही नाही.

थेरपिस्टने ती पंधरा-वीस वाक्यं ऐकली. मग म्हणाली, "यावरून आवाज तयार होणार नाही. झाला तरी असाच होईल, घसरलेला." मी विचारलं, "सहा आठवड्यांपूर्वी झालं असतं?" भाऊ शेजारीच बसला होता, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. बाईने पेनाला टोपण लावलं. म्हणाली, "झालं असतं."

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. आधी तिच्यावर. हीच बया ओरडून का नाही म्हणाली, आत्ताच्या आत्ता करा म्हणून? पण ती म्हणाली होती. या महिन्यातच म्हणाली होती, कुठलाही चालेल म्हणाली होती, आणि ऐकणाऱ्यांत सगळ्यात मोठ्या तोंडाची मी होते. भाऊ माझ्याकडे बघून हसला. खोटं नाही सांगत, हसला. त्याला अजून चेहऱ्याचं तेवढं जमत होतं. मी तिथल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

मग उरले तयार आवाज. कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असतात ते. बाईचे दोन, पुरुषांचे दोन. 'पुरुष एक' या नावाचा होता म्हातारा, खर्जातला. 'पुरुष दोन' बातम्या सांगणाऱ्यासारखा, शब्द कसे इस्त्री केलेले. भावाने दुसरा घेतला. त्याच्या उजव्या हाताची आता दोनच बोटं चालत होती, म्हणून भावजयीने नेहमीची वाक्यं पडद्यावर चौकटींत बसवून दिली. चौकटीला बोट लावलं की आवाज बोलायचा. पाणी हवं. कूस वळवा. खिडकी उघडा. आईसाठी त्याने स्वतः वेगळं पान केलं. एका दुपारीत सहा वाक्यं.

आईला फोन नव्हता, त्याला पंधरा दिवस होऊन गेले होते. ती मधलीवर वैतागली होती, माझ्यावर वैतागली होती. रविवारी सकाळी आठला आम्ही तिघं टेबलाशी बसलो. मी आईचा नंबर लावला, फोन लॅपटॉपजवळ ठेवला आणि मोठ्या आवाजावर केला. मधली त्या रविवारीही कामावर गेली होती. आई एकटीच होती.

"हॅलो," आई म्हणाली.

भावाने पहिल्या चौकटीला बोट लावलं. पुरुष दोन म्हणाला, "आई, मी बोलतोय."

"कोण पाहिजे आपल्याला?"

"आई, मी बोलतोय. दाताच्या कामामुळे आवाज बदललाय."

"राँग नंबर," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

भाऊ चौकटीकडे बघत बसला. भावजयीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी पुन्हा नंबर लावला आणि या वेळी आधी मीच बोलले. "आई, मी थोरली. अगं, तोच होता मघाशी. त्याच्या घशाला जरा त्रास आहे, म्हणून तो मशीनवरून बोलतोय."

"मशीनवरून म्हणजे? तो तिथे बसलाय ना?"

"बसलाय."

"मग त्याला दे की. नसते चाळे कशाला?"

मी विचार केला नाही. उचलला फोन आणि त्याच्या तोंडाजवळ धरला. गेले दहा दिवस त्याने कुणासमोर तोंडातून आवाज काढला नव्हता. त्याला लाज वाटायची. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दम घेतला, ओठ हलवायचा प्रयत्न केला आणि घशातून जे आलं ते सोडलं. ते 'आई' नव्हतं. ते काहीच नव्हतं, नुसता ओला, घरंगळता आवाज, अनोळखी माणूस ऐकून दचकला असता असा.

पलीकडे फोन कानाशी सरकल्याची खरखर झाली.

"हां," आई म्हणाली. "आता आलास."

भावजयीने तोंडाला पदर लावला. आई फोनला अगदी चिकटून बोलत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. "काय रे झालंय तुला? असा का बोलतोयस? रडतोयस का?"

भावाचं बोट पडद्याकडे गेलं. "मी बरा आहे," लॅपटॉप म्हणाला, एकेक अक्षर स्वच्छ. "माझी काळजी करू नकोस."

"अहो, तुम्ही कोण आहात ते," आई फिस्कारली, "जरा मधे बोलू नका. माझा मुलगा बोलतोय."